मान गावाचा, जीव राणोजीचा

अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ (1959) वाचक लक्षात ठेवतात ती बंडासाठी. मला मात्र तिच्या सुरुवातीची जोगणीची पानं पुढच्या लुटीहून मोलाची वाटतात. जोगणी म्हणजे जत्रेच्या मानाची खूण. रिवाज असा, की जोगणी ज्या गावाकडे, जत्रा त्या गावाची. दुसऱ्या गावच्या गड्यानं ती पळवायची आणि त्यानं शीव ओलांडली की पाठलाग थांबवायचा. जोगणी होती शिगावकडे आणि जत्रा हवी होती वाटेगावाला. आणायला गेला कोण? राणोजी मांग. त्यानं शीव गाठली, तरी शिगावकरांनी रीत मोडून त्याला मारलं. जत्रा वाटेगावाला मिळाली.

ग्रामीण कथेत रूढी आली की आपण ती गावाकडची गंमत म्हणून वाचतो. खरं तर कामाची आणि मानाची वाटणी कशी झालीय, ते तिथंच उघडं पडतं. अण्णाभाऊंनी पाटील-कुलकर्ण्यांना सरसकट काळं फासलेलं नाही. शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहतात. माणसं भली, तरी जिवावरचं काम गावकुसाबाहेरच्याच वाट्याला. खलनायक रंगवून ही गोष्ट सांगता आली नसती.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) वस्तीच बहुतेक धनगरांची, त्यामुळे जातीची उतरंड तितकी बोचत नाही, कदाचित म्हणूनच ही कादंबरी आपल्याला इतकी लोभस वाटते. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये ही सोय नाही. ते आत्मकथन आहे, पण त्यातला एक प्रसंग कथेइतकाच अंगावर येतो. विहिरीत प्रेत सापडतं. पंचनामा होईस्तोवर त्याची राखण करायची महाराने, आणि हवालदाराने दरडावलं की आत उतरायचंही त्यानंच. त्याबदल्यात काय, तर बलुतं आणि वतनाचा तुकडा. हलक्या गावकामाची ही वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

रूढी कायद्याला सहसा दाद देत नाही. राजन गवस यांची ‘चौंडकं’ कोल्हापूरकडच्या सीमाभागातली. पोरीच्या केसांत जट झाली की यल्लमाचं बोलावणं आलं असं ठरतं. मग फणी नाही, कात्री नाही. जटेला हळद-भंडारा लागतो आणि पोर देवाला सुटते. मुली देवाला सोडायला मुंबई इलाख्यात बंदी आली 1934 साली. कादंबरी आली 1985 साली, आणि तेव्हाही ती इतिहासाची गोष्ट नव्हती.