जवळपास नव्या गाडीचा सौदा

कापडाच्या ठोक व्यवहारात मीटरमागे चार आण्यांसाठी तासभर बोलणी करणारा व्यापारी घरासाठी गाडी घ्यायला निघाला, की बहुधा हिशेबाची वही दुकानातच ठेवून जातो. गाडी नवी असेल तर शोरूमने सांगितलेला आकडा तो मुकाट्याने मान्य करतो. वापरलेली असेल तर ‘मागितले त्यापेक्षा पन्नास हजार कमी केले’ एवढ्यावर समाधान मानतो. मागितलेला आकडा मुळात कशावर बेतलेला होता, हा प्रश्न राहूनच जातो. सहा महिने ते दीड वर्ष वापरलेल्या गाडीच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो. कारण अशी गाडी दिसायला नवी असते, विकणाऱ्याच्या मनातही ती नवीच असते आणि तिची किंमत मात्र त्याने मोजलेल्या पैशांवर ठरत नाही.

असा एक व्यवहार डोळ्यांसमोर आणावा. जयसिंगपुरातील एका कापड दुकानदाराला घरासाठी लहान पेट्रोल गाडी हवी आहे. कोल्हापुरातील एक तरुण जून २०२५ मध्ये घेतलेली, नऊ हजार किलोमीटर चाललेली गाडी दहा महिन्यांनी विकायला काढतो. शोरूमची किंमत ८ लाख ४० हजार. वाहनकर, विमा आणि नोंदणी धरून त्याने ९ लाख ८० हजार मोजलेले आहेत. तो ९ लाख मागतो. ऐंशी हजारांनी स्वस्त, रंगाला ओरखडा नाही, सीटवरचे प्लास्टिकही निघालेले नाही. घरातील सर्वांना हा भाव चांगला वाटतो.

परंतु मधल्या काळात एक गोष्ट घडून गेली आहे. जून २०२५ मध्ये अशा गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ८ लाख ४० हजारांतून जुना कर बाजूला काढला, तर मूळ किंमत सुमारे ६ लाख ५१ हजार निघते. तिच्यावर १८ टक्के लावले की शोरूमची किंमत ७ लाख ६८ हजारांच्या आसपास येते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर पडतो, तो साडेचौऱ्याऐंशी हजार. विमा आणि नोंदणीचे सुमारे बेचाळीस हजार. कंपनीने करकपातीचा पूर्ण लाभ दिला असेल, तर तीच गाडी कोरी करकरीत ८ लाख ९५ हजारांत दारात उभी राहते. म्हणजे हा तरुण जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकू पाहत आहे आणि त्याला त्याची कल्पनाही नाही. तो फसवीत नाही. त्याने मोजलेला आकडा त्याच्या मनातून जात नाही, एवढेच.

म्हणून बोलणीला बसण्यापूर्वी त्याच नमुन्याच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून लेखी घ्यावी. ही झाली वरची मर्यादा. खालची मर्यादा जुन्या गाड्यांचा व्यापारी सांगतो. त्याने या तरुणाला ७ लाख २० हजार देऊ केले आहेत. तीच गाडी तो धुऊनपुसून ८ लाख १० हजारांना विकेल. मधल्या नव्वद हजारांत त्याच्या जागेचे भाडे, नोकरांचे पगार, अडकलेल्या भांडवलाचे व्याज आहे. शिवाय १६ जानेवारी २०२५ पासून त्या फरकावर १८ टक्के जीएसटीही आहे. थेट मालकाकडून घेणाऱ्याचा सौदा या दोन आकड्यांच्या दरम्यान कुठेतरी बसतो. (वाचकांपैकी ज्यांची गाडी पेढीच्या नावावर असून तिच्यावर घसारा घेतला आहे, त्यांनी ती विकताना लक्षात ठेवावे, की नोंदणीकृत पेढीलाही विक्रीची किंमत आणि घसारा वजा जाता उरलेले मूल्य यांच्यातील फरकावर हाच कर लागतो. फरक उणे असेल तर लागत नाही.)

गाडीची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करावी. त्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दोन गोष्टी मात्र घरच्यांनाही पाहता येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शिरोळ तालुक्यात पट्ट्याच्या आतल्या टोकावरच्या चिखलाच्या रेषेचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. दुसरी गोष्ट सर्व्हिसच्या नोंदींची. मीटरवर नऊ हजार आणि सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत चौदा हजार दिसले, तर भावाची बोलणी तिथेच थांबवावी. मीटर मागे फिरविणे म्हणजे प्रतिरूपकव्यवहार, खोट्या मालाला खऱ्याचे रूप देणे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत त्याची गणना आहे आणि अशा माणसाकडून स्वस्तात घेतलेली गाडीही महागच पडते.

आता कर्जाचा मुद्दा. जवळपास नव्या गाडीवर बँकेचा बोजा असतोच असे धरून चालावे. या तरुणाने साडेसात लाखांचे कर्ज ९ टक्के दराने सात वर्षांसाठी घेतले आहे. हप्ता १२ हजार ६७ रुपये. दहा हप्त्यांत त्याने १ लाख २० हजारांवर रक्कम भरली, पण मुद्दल उतरले ते अवघे ६६ हजार सहाशे. पहिल्या वर्षात हप्त्याचा मोठा भाग व्याजात जातो, हे कर्ज घेताना फार थोड्यांना उमगते. बाकी ६ लाख ८३ हजारांची. स्थिर दराच्या वाहनकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क अनेकदा असते. ते आणि तारखेपर्यंतचे व्याज धरून बँक ७ लाख ५ हजारांचे पत्र देते. व्यापाऱ्याच्या भावाने विकली, तर त्या तरुणाच्या हाती पंधरा हजार उरतात.

हे पत्र पाहिल्यावर दुकानदाराच्या मुलाने वडिलांना बाजूला घेतले.

“अण्णा, त्याचा गेल्या महिन्याचा हप्ता उशिरा गेलाय. सात-वीसला तो हो म्हणेल.”

“म्हणेल, हे मलाही दिसतंय,” वडील म्हणाले. “पण सात-वीस हा व्यापाऱ्याचा भाव आहे. त्याला भाडं आहे, पगार आहेत, कर आहे. आपल्याला यातलं काय आहे? जो खर्च आपण करत नाही, तो त्या पोराकडून का वसूल करायचा?”

मग बोलणी झाली. तरुण म्हणाला, “काका, मी नऊ लाख ऐंशी हजार मोजलेत.” दुकानदाराने शोरूमचा कागद त्याच्यापुढे ठेवला. “मोजलेस ते खरं आहे, बाळा. पण आज मला हीच गाडी नवी कितीला पडते ते तूच वाच.” त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. दुकानदाराने ती शांतता मोडली नाही. सौद्यात घाईने बोलणारा स्वतःच्याच आकड्यावरून घसरतो, हे गादीवर बसणाऱ्याला शिकवावे लागत नाही. तरुण सव्वाआठ लाखांवर आला, दुकानदार ७ लाख ४५ हजारांवरून वर सरकला. विम्याचे दोनच महिने उरले होते, हेही मोजले गेले. दावा न केल्याबद्दलची विम्याची सवलत गाडीबरोबर जात नाही, मालकाकडेच राहते. तिचा दाखला विमा कंपनीकडून घेऊन पुढच्या गाडीला वापर, असे दुकानदाराने आपण होऊन सांगितले. तरुणाला ते ठाऊक नव्हते. सौदा ७ लाख ७० हजारांना तुटला.

पैसे देण्याची रीत भावाइतकीच महत्त्वाची असते. ७ लाख ५ हजार तरुणाच्या हाती न देता आरटीजीएसने थेट त्याच्या कर्जखात्यात भरावेत. त्याच दिवशी लेखी करार, गाडीचा ताबा आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात. बँकेकडून ना-देय दाखला आणि बोजा उतरविण्याचा फॉर्म ३५ मिळाला, की उरलेले ६५ हजार त्याच्या खात्यात जावेत. ‘दोन-अडीच लाख रोख द्या, कागदावर कमी लिहू’ अशी सूचना काही विक्रेते करतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्यावर बसू शकतो. विरुद्धराज्यातिक्रम हा शब्द स्वाध्यायात ऐकलेल्या घराने हा मार्ग धरू नये, हे वेगळे सांगायला नको.

हस्तांतरण लांबणीवर टाकण्यात मात्र आपल्याकडील चांगली चांगली घरेही ढिलाई करतात. ‘पोरगा ओळखीचा आहे, सवडीने नाव लावू’ असे म्हणता म्हणता वर्ष जाते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक. गाडी विकूनही नोंद न बदललेला विक्रेता त्यात अडकतो. घेणाऱ्याचेही नुकसान आहेच. विमा नावावर करण्याचा अर्ज हस्तांतरणापासून १४ दिवसांत विमा कंपनीकडे गेला नाही, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

जयसिंगपूरच्या या व्यवहारात बोजा उतरून आरसी दुकानदाराच्या नावावर आली. त्याच दिवशी जुनी ई-चलने उरलेली नाहीत याची खात्री करून मुलाने कोल्हापूरला फोन लावला. काचेवरचा फास्टॅग अजून त्या तरुणाच्या खात्यावर होता आणि किणी टोलनाक्यावर त्याचेच पैसे कापले गेले होते. तरुणाने तो संध्याकाळपर्यंत बंद केला आणि कापलेली रक्कम मुलाने त्याला पाठवून दिली.