मनगटावरील नांव
पनवेलच्या आसपास पाटील, म्हात्रे, ठाकूर हीं आडनांवें घरोघर आढळतात. रुग्णालयाच्या एकाच वॉर्डांत दोन पाटील असले, तर एकासाठीं आणलेलें रक्त दुसऱ्यास चढण्याचें भय असतें. गट जुळला नाहीं, तर प्राणावर बेततें. खाटेच्या क्रमांकावर विसंबूं नये, कारण खाट बदलते. मनगटावरील पट्टी मात्र रुग्णाबरोबरच जाते. म्हणूनच नांव, जन्मतारीख अशा किमान दोन खुणा पडताळाव्या, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २००७ सालीं सुचविलें.

“आपण पाटील ना?” हा प्रश्न घातक होय, ग्लानींतला मनुष्य कशासही होकार देतो. “आपलें पूर्ण नांव सांगा,” असें म्हणून उत्तर पट्टीशीं ताडून पाहावें.

श्रोतेहो, परिचारिकेनें तेंच पुनः पुनः विचारलें, तर रागावूं नका; न विचारतां औषध देऊं लागली, तर आपणच मनगट पुढें करा.