व्हिज्युअल व्हॉइसमेल

व्हिज्युअल व्हॉइसमेल ही भ्रमणध्वनीवर आलेले ध्वनिसंदेश पडद्यावर यादीच्या स्वरूपात दाखवणारी सुविधा आहे. पारंपरिक व्हॉइसमेलमध्ये ठरावीक क्रमांक लावून संदेश एकामागून एक ऐकावे लागतात. पाचवा संदेश रुग्णालयातून आलेला असला, तरी आधीचे चार ओलांडल्याशिवाय तो कळत नाही. यादीत मात्र संदेश कोणाचा, केव्हाचा हे दिसते व हवा तो थेट ऐकता येतो.

९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्स यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आयफोन सादर केला, तेव्हापासून ही सुविधा सर्वपरिचित झाली. तिच्यासाठी सिंग्युलर (नंतरची एटी अँड टी) या कंपनीला आपल्या यंत्रणेत बदल करावे लागले.

संदेश मुळात कंपनीच्या सर्व्हरवर साठतो. सर्वसाधारण मानकानुसार नव्या संदेशाची सूचना एसएमएसने येते आणि ध्वनिफीत ईमेलसाठी वापरल्या जाणाऱ्या आयमॅप प्रणालीने फोनवर उतरते. त्यामुळे केवळ फोन महाग असून भागत नाही. नेटवर्कचाही पाठिंबा लागतो. दुसऱ्याचे मनोरे भाड्याने वापरणाऱ्या स्वस्त कंपन्यांकडे तो नसू शकतो, आणि जाहिरातीत याचा उल्लेख क्वचितच असतो.

कंपनी बदलताना क्रमांक कायम राहतो, जुनी संदेशपेटी मात्र सोबत येत नाही. दिवंगत आप्ताचा आवाज तीत असल्यास तो आधीच स्वतंत्र ध्वनिफीत म्हणून जतन करावा लागतो.

भारतात मिस्ड कॉलची सवय रुजल्याने व्हॉइसमेलचा वापर मर्यादित राहिला.