हिरव्या पाण्यातले तेल

पावसाळ्यात मोरीच्या कडेला, हौदाच्या भिंतीला हिरवा बुळबुळीत थर धरतो. कोणाचा पाय घसरू नये म्हणून आपल्या आयाबहिणी तो काथ्याने घासून काढतात. शेवाळाच्याच काही जाती मात्र इतक्या बारीक असतात की त्यांचा एकेक जीव सूक्ष्मदर्शकाखालीच दिसावा. या जिवांच्या अंगात तेल असते. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली, की डिझेलच्या इंजिनात चालणारे इंधन तयार होते. मग इंधनाची चणचण का राहावी? आम्हालाही हाच प्रश्न पडला.

१९७३ साली अरब देशांनी तेल अडवले आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. पुढे १९७८ साली तेथील सरकारने शेवाळावर संशोधन सुरू केले. ते १९९६ पर्यंत चालले. शेवाळाचे ३००० हून अधिक नमुने गोळा झाले. न्यू मेक्सिको राज्यात रोझवेल येथे १००० चौरस मीटरचे उघडे हौद बांधून प्रयोग झाले. ऊन, पाणी, खत आणि कार्बन डायऑक्साइड एवढे मिळाले की शेवाळ वाढते. सुपीक जमीन लागत नाही, खारे पाणीही चालते. म्हणजे माणसाच्या ताटातले धान्य हिरावले जात नाही.

पण मेख पुढेच आहे. खतातले नत्र तोडून शेवाळाला उपाशी ठेवले, की ते अंगात जास्त तेल साठवते. मात्र त्याची वाढ खुंटते. त्यामुळे हौदातले एकूण तेल काही वाढत नाही. उपाशी ठेवून जास्त काम काढून घेता येत नाही, हे कष्टकरी घरांना वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण पाण्याची. उघड्या हौदातल्या १००० लिटर पाण्यातून जेमतेम अर्धा ते एक किलो सुके शेवाळ हाती येते. ते गाळायला आणि सुकवायलाही इंधन खर्ची पडते. १९९८ च्या अहवालात या तेलाचा अंदाजे खर्च त्या वेळच्या डिझेलच्या दुप्पट निघाला.

एक्सॉनमोबिल कंपनीने २००९ साली या कामासाठी ६० कोटी डॉलरपर्यंत रक्कम जाहीर केली. २०१७ साली जनुकात बदल करून, वाढ फारशी न रोखता, एका जातीतले तेल २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेल्याचे सांगितले. तरीही २०२३ साली कंपनीने हात आखडता घेतला.

शेवाळाचे तेल वाया गेलेले नाही. बाळाच्या दुधाच्या भुकटीत घालायचे एक पोषक तेल आज शेवाळापासूनच काढतात. ते थोडे लागते आणि भाव चांगला मिळतो. इंधनाचे उलटे आहे. ते पुष्कळ हवे आणि स्वस्तही हवे.

म्हणून ‘पाण्यातून डिझेल’ अशी योजना घेऊन कोणी दारी आले, तर घरातल्या शिकत्या मुलामुलींनी दोनच प्रश्न विचारावेत. लिटरला खर्च किती? आणि ते लिटर काढायला इंधन किती जाळले? उत्तर मिळेपर्यंत घामाचा पैसा गाठीला असू द्यावा, असे आम्हाला वाटते.