चार महिन्यांचा कारखाना

भुसावळहून निघालेला रेल्वेचा फाटा 1867 मध्ये नागपूरला पोचला आणि वाटेतल्या बोदवड-मलकापूर पट्ट्यातला कापूस थेट मुंबईच्या गोदीला जोडला गेला. अमेरिकेतली यादवी नुकतीच संपली होती. त्या काळात चढलेले भाव पुढे उतरले, पण कापसाची लागलेली चटक काही सुटली नाही.

तोवर सरकी काढायचे काम घरच्या रेच्यावर चाले. दोन लाटांमध्ये कापूस सारायचा, रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. रेच्यावर बसत त्या बहुतेक बायाच. वाफेचे जिन, म्हणजे सरकी काढण्याचे कारखाने आले आणि ही घरातली मिळकत उठली. त्याच बाया जिनात रोजाने जाऊ लागल्या. काम सरकी काढण्याचेच राहिले, पण ते कधी थांबवायचे हे आता त्यांच्या हाती नव्हते.

किती वेळ चाले हे काम? 1884-85 च्या मुंबईतल्या फॅक्टरी कमिशनपुढे खान्देशातल्या जिनिंगची साक्ष झाली, ती वाचवत नाही. मार्च-एप्रिलच्या घाईत जिन रात्रंदिवस चालत. तीच माणसे, त्यांतही बाया अधिक, आठवडाभर आळीपाळीविना राबत. अगदीच कोलमडली की दुसरी आणायची. आणि हे सांगणारा कुणी चळवळ्या नव्हता, जिन चालवणाराच होता.

1881 चा फॅक्टरी कायदा या मजुरांच्या कामी आला नाही. शंभराहून कमी माणसे किंवा वर्षात चार महिन्यांहून कमी काम, म्हणजे त्याच्या लेखी तो कारखानाच नव्हे. जिन तर हंगामी. 1891 मध्ये बायांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, पण हंगामी जिन कायद्याच्या कक्षेत यायला 1911 उजाडले. मधली तीस वर्षे कुणाच्या हिशेबात धरायची?

मालकांचा हिशेब मात्र पक्का होता. खान्देश-वऱ्हाडात जिनवाल्यांचे ‘पूल’ होत: काही जिन बंद ठेवायचे, चालू जिनांनी दर चढे ठेवायचे आणि नफा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. बंद जिनाच्या मालकालाही वाटा मिळे; तिथल्या मजुराला नाही. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची, वाण मिसळण्याची खोडही जुनीच. त्याला आळा बसावा म्हणून 1925 च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती बांधणाऱ्या प्रेसची खूण सक्तीची केली. गाठ कुठल्या प्रेसमधून निघाली हे लिव्हरपूलला कळू लागले. ती कुणाच्या हातांनी भरली, हे बोदवडलाही कुणी लिहून ठेवले नाही.

जळगावची खान्देश मिल, अमळनेरची प्रताप मिल बारमाही होत्या. तिथे कामगारवस्त्या झाल्या, संघटना झाल्या, साने गुरुजी कामगारांत उतरले. जिनाच्या गावात हे फारसे रुजले नाही, कारण इथला कामगार पावसाळ्यात पुन्हा शेतमजूर. संप करायचा कुणी? हंगाम संपला की कामगारही पांगलेला.

1972 मध्ये कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी आली, शेतकरी व्यापाऱ्याच्या दारातून सरकारी काट्याच्या रांगेत गेला. ती योजनाही पुढे मावळली. आता मोठ्या जिनांत कापूस यंत्रानेच आत ओढला जातो, भरणीला पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत. वेचणी मात्र हातानेच होते, बहुतेक बायाच करतात आणि मजुरी किलोवर ठरते.