एकाचे तीन दिवे

माझे एक स्नेही सावंतवाडीला राहतात. कामानिमित्त त्यांना मोटरसायकलने बेळगावकडे जावे लागते. वाटेत आंबोलीचा घाट आहे. पावसाळ्यातल्या एका रात्री ते घाट उतरून सपाटीवर आले असता समोरून आलेला एक टेंपो एकाएकी त्यांच्या पुढ्यातच उजवीकडे वळला. दोन्ही ब्रेक दाबून ते कसेबसे थांबले. टेंपोचालक खाली उतरला. तो बिचारा त्यांच्याहून जास्त घाबरला होता. तो म्हणाला, "दिवा दिसला हो मला, पण अजून लांब आहे असं वाटलं!"

दुसऱ्याच दिवशी स्नेह्यांनी गॅरेज गाठले आणि मोटरसायकलच्या लेग गार्डवर दोन जादा दिवे बसवून घेतले. आठ दिवसांनी घाट चढताना त्यांना रबर जळल्याचा वास आला आणि पाहता पाहता सगळेच दिवे विझले. हँडलजवळची वायर वितळली होती!

विद्यार्थी मित्रांनो, या दोन प्रसंगांत तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेचसे भौतिकशास्त्र दडलेले आहे. ते एकेक करून उलगडून पाहू.

दिवा दिसला, अंतर का कळले नाही?

समोरून मोटारगाडी येत असली की तिचे दोन दिवे दिसतात. दोहोंमध्ये साधारण १.२ मीटर अंतर असते. गाडी १०० मीटरवर असताना हे दोन दिवे आपल्या डोळ्याशी सुमारे ०.७ अंशाचा कोन करतात. ती ५० मीटरवर आली की तोच कोन दुप्पट, म्हणजे १.४ अंश होतो. दिवे एकमेकांपासून जसजसे दूर सरकताना दिसतात, तसतसा आपला मेंदू कोणतेही गणित न मांडता ओळखतो की गाडी जवळ येत आहे आणि वेगाने येत आहे.

मोटरसायकलला दिवा एकच. तो १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर १०० मीटरवर त्याचा कोन जेमतेम ०.०९ अंश भरतो. शिवाय रात्री त्याच्याभोवती झगमगाट असतो, त्यामुळे दिव्याची कड नीट दिसत नाही. उरतो तो केवळ एक प्रकाशाचा ठिपका. तो जवळचा मंद दिवा आहे की लांबचा प्रखर दिवा आहे, हे ठरवायला मेंदूजवळ काही साधनच नसते. टेंपोचालक खोटे बोलत नव्हता.

आता मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याखाली, दोन बाजूंना ६० सेंटिमीटर अंतरावर दोन लहान दिवे लावले तर? तीन दिव्यांचा एक त्रिकोण तयार होतो. मोटरसायकल जवळ येईल तसा तो मोठा होताना दिसतो आणि पाहणाऱ्याला हवी असलेली खूण मिळते. ब्रिटनमधील रॉयल हॉलोवे या महाविद्यालयातील मानसशास्त्रज्ञांनी याचे प्रयोग केले. ते २०१२ साली प्रसिद्ध झाले. अंधारात एका दिव्याच्या मोटरसायकलचा वेग ओळखताना लोकांच्या मोठ्या चुका होत, तीन दिवे असताना त्या कमी झाल्या. रेल्वेलाही ही युक्ती ठाऊक आहे. अमेरिकेत रस्त्यावरची फाटके ताशी २० मैलांहून अधिक वेगाने ओलांडणाऱ्या रेल्वे इंजिनांना मुख्य दिव्याखाली असे दोन जादा दिवे लावणे १९९७ च्या अखेरीपासून सक्तीचे आहे.

म्हणजे जादा दिव्यांचा पहिला उपयोग 'आपल्याला दिसावे' हा नसून 'आपण दिसावे' हा आहे. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो, तो दिवसाही लागलेला असतो, त्यामागे हाच विचार आहे.

वायर का वितळली?

स्नेह्यांच्या मोटरसायकलचा मूळ दिवा ३५ वॉटचा होता आणि विद्युत्‌घट, म्हणजे बॅटरी, १२ व्होल्टची. वॉटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. ३५ ला १२ ने भागा: सुमारे ३ अँपिअर. हँडलवरचे बटण आणि त्याची बारीक वायर तेवढ्याच प्रवाहासाठी केलेली होती.

गॅरेजमधल्या कारागिराने ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे आणले आणि त्याच वायरीला जोडून दिले. आता एकूण १४५ वॉट झाले, म्हणजे १२ अँपिअर. प्रवाह चौपट झाला. पण वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम तुम्ही शिकला आहात. चारचा वर्ग सोळा. म्हणून वायर सोळा पट तापू लागली आणि तिचे आवरण वितळले.

बारीक वायरीचा आणखी एक तोटा आहे. समजा वायर आणि बटण यांचा मिळून रोध केवळ ०.१ ओहम आहे. त्यातून १२ अँपिअर प्रवाह गेला की १.२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि दिव्याला १०.८ व्होल्ट मिळतात. दाब १० टक्के कमी झाला, तर तंतूच्या दिव्याचा प्रकाश १० टक्के नव्हे, सुमारे ३० टक्के कमी होतो! कारण तंतू थोडा जरी कमी तापला, तरी त्याचा बराचसा प्रकाश उष्णतेच्या अदृश्य किरणांत निघून जातो.

यावर उपाय म्हणजे रिले. तारायंत्राच्या काळापासून माणूस ही युक्ती वापरत आला आहे. रिलेमध्ये एक लहानसे विद्युत्‌चुंबक असते. हँडलवरच्या बटणातून त्याच्या वेटोळ्याला जेमतेम ०.१५ अँपिअर प्रवाह मिळतो. चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेते, संपर्क जुळतात आणि बॅटरीपासून थेट जाड वायरीने दिव्यांकडे मोठा प्रवाह जातो. बटण फक्त हुकूम देते, ओझे रिले वाहते.

बॅटरीच्या अगदी जवळ एक फ्यूजही हवा. तो दिव्याचे रक्षण करतो असा अनेकांचा समज असतो. खरे तर तो वायरीचे आणि पर्यायाने गाडीचे रक्षण करतो. कोठे वायर सोलली जाऊन लोखंडाला टेकली, तर प्रथम फ्यूज वितळावा, वायर नव्हे.

वीज येते कोठून?

बॅटरी म्हणजे विजेचा कारखाना नव्हे, कोठार आहे. वीज तयार होते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्रात. समजा, एका लहान मोटरसायकलचे जनित्र १२० वॉट देते आणि मूळचे दिवे, ठिणगी वगैरेंना ६० वॉट लागतात. शिल्लक ६० वॉट. जादा दिवे मागतात ११० वॉट. उरलेले ५० वॉट बॅटरीतून जाऊ लागतात. ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ६० वॉट-तास ऊर्जा असते. म्हणजे तासाभरात कोठार रिकामे!

येथे एलईडी दिवे मदतीला येतात. हॅलोजन दिवा एका वॉटमागे सुमारे २० ते २५ ल्युमेन प्रकाश देतो, तर चांगला एलईडी सुमारे १००. तेव्हा ५५ वॉटच्या हॅलोजनचे काम १५ वॉटचा एलईडी करू शकतो. दोन दिव्यांना मिळून ३० वॉट, म्हणजे २.५ अँपिअर. निळा एलईडी तयार झाला म्हणूनच हे पांढरे दिवे शक्य झाले. निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या स्फुरद्रव्यावर पडून पिवळा होतो आणि दोन्ही मिळून पांढरा प्रकाश दिसतो. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाश जास्त, म्हणजे सुरक्षितता जास्त?

येथे सावध राहायला हवे. अंतर दुप्पट झाले की प्रकाशाची तीव्रता चौथा हिस्सा उरते. म्हणून दुप्पट लांबचे तितकेच स्वच्छ दिसायला चौपट प्रकाश लागतो. दिवे तिप्पट केले, तरी नजरेचा पल्ला पावणेदोन पटीहून कमीच वाढतो.

मोटरसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २८ मीटर लागतात. एकूण ५३ मीटर. वेग ८० केला तर हेच अंतर सुमारे ८३ मीटर होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही जास्त. नवे दिवे पाहून ज्याने वेग वाढवला, त्याने दिव्यांची कमाई तेथेच घालवली.

धुक्यात तर जादा प्रकाश उलट अंगावर येतो. धुक्याचे असंख्य सूक्ष्म जलबिंदू प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्याचे दिवे खाली बसवतात आणि त्यांचा झोत रुंद व वरून कापलेला असतो. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, ही समजूत मात्र बरोबर नाही. हे जलबिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात.

समोरच्याचे डोळे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि तो केवळ १ अंश वर रोखला गेला आहे असे समजा. ३५ मीटरवर त्याचा झोत १.२ मीटर उंचीवर पोचतो. मोटार चालवणाऱ्याचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात! अंधाराला सरावलेल्या दृष्टिपटलावर असा झोत पडला की काही क्षण काहीच दिसत नाही. हे अंधत्व तीन सेकंद टिकले, तर ताशी ६० किलोमीटरने येणारा चालक ५० मीटर अंतर जणू डोळे मिटून कापतो. आणि तो कोणाच्या दिशेने येत असतो? दिवे लावणाऱ्याच्याच!

म्हणून सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करावी, चालकाने तीवर बसावे आणि झोताचा मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा ५ ते १० सेंटिमीटर खाली पडेल असा दिवा वळवावा. समोरून वाहन आले की डिपर द्यावा आणि रस्ता उजळण्यासाठी लावलेले प्रखर जादा दिवे बंद करावेत. कोणते दिवे लावण्यास परवानगी आहे, हे आधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आमच्या स्नेह्यांनी पुढे हे सारे केले. लहान एलईडी, रिले, फ्यूज, खाली वळवलेला झोत. आता त्यांचे दिवे पूर्वीपेक्षा कमी वीज खातात. आणि घाटात ते पूर्वीपेक्षा हळू जातात.

करून पाहा

अंधार पडल्यावर मोठ्या माणसांना सोबत घेऊन शाळेच्या मैदानावर जा. रस्त्यावर हा प्रयोग करू नका. एका मित्राला एक विजेरी घेऊन १०० पावलांवर उभे करा. त्याने सावकाश तुमच्याकडे चालत यावे आणि तो निम्म्या अंतरावर आला असे वाटताच तुम्ही "थांब!" म्हणावे. पावले मोजून नोंद करा. मग ६० सेंटिमीटरच्या काठीच्या दोन टोकांना दोन विजेऱ्या बांधून तोच प्रयोग पुन्हा करा. दोन्ही वेळा पाच-पाच नोंदी घ्या आणि सरासरी काढा. कोणत्या वेळी तुमचा अंदाज अधिक अचूक ठरला? उत्तर वहीत लिहिण्यापूर्वी त्या टेंपोचालकाला एकदा आठवा.