तसबीर उघडता आली पाहिजे!

आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो होता आणि तोही काचेला अगदी टेकवून बसवलेला. एका पावसाळ्यानंतर त्यावर डाग दिसू लागले, म्हणून आम्ही तसबीर उघडायला घेतली. खिळे उपसताना चौकटीचे लाकूड चिरले आणि फोटो सोडवताना त्याचा वरचा थर काचेलाच राहिला. आजोबांचा अर्धा चेहरा गेला तो गेलाच!

असे का झाले? जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो ओलावा शोषतो, मऊ होतो आणि काचेला चिकटतो. म्हणून चित्र आणि काच यांमध्ये थोडी मोकळी जागा हवी. सुमारे २ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यात खिडकी कापून ती चित्रावर ठेवली, की तेवढे अंतर आपोआप मिळते.

आता कागदाचे पाहू या. कागद तंतूंचा बनलेला असतो. ओलावा शोषल्यावर हे तंतू लांबीपेक्षा जाडीत अधिक फुगतात. त्यामुळे कागदही पसरतो. चारही कडांना डिंक लावून तो जखडला, तर पसरायला वाव न मिळाल्याने त्याला सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा पातळ कागदाच्या दोन पट्ट्या चित्राच्या वरच्या कडेला मागून लावाव्यात आणि चित्र त्यांवर टांगावे. पट्ट्यांना गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी. पट्टी किंचित ओली केली की ती सुटते. पारदर्शक चिकटपट्टी मात्र नको. तिचा गोंद कालांतराने पिवळा पडून कागदात मुरतो.

उरले मागचे झाकण. खिळा लाकडात टिकतो तो घर्षणामुळे. बाजूला सारलेले तंतू त्याला दाबून धरतात. खिळा उपसून त्याच भोकात पुन्हा ठोकला, तर चेंगरलेले तंतू तितका दाब देत नाहीत आणि तो सैल पडतो. स्क्रूचे आटे लाकडात खाच पाडतात व तीच खाच पुन्हा वापरता येते. बसवताना स्क्रू आधी थोडा उलटा फिरवा. ‘टक्’ असे जाणवले, की आटा जुन्या खाचेत आला असे समजा. मग सुलटा फिरवा. म्हणून मागचा पुठ्ठा स्क्रूने बसवलेल्या पत्र्याच्या छोट्या फिरक्यांनी धरावा. मग उघडताना हातोडी नको आणि काचेला धक्काही नको.

विद्यार्थीमित्रांनो, शिक्षकांच्या मदतीने शाळेसाठी अशी एक तसबीर करून पाहा. चौकट तीच राहील. चित्र मात्र दर वर्षी नव्या विद्यार्थ्याचे!